‘रायपूर डिव्हिजन’ म्हणजे नेमके काय? एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ

छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूर शहरात ‘रायपूर डिव्हिजन’ हे नाव सांगणारी अनेक कार्यालये आहेत. महसूल प्रशासनाचे एक, रेल्वेचे दुसरे, वनखात्याचे तिसरे. टपाल खाते, आयुर्विमा महामंडळ आणि रस्ते व इमारती बांधणारे खाते यांचीही आपापली डिव्हिजन या शहरात आहेत. प्रत्येकाचे कार्यक्षेत्र वेगळे आहे, प्रमुख अधिकाऱ्याचा हुद्दा वेगळा आहे आणि हिंदीत व मराठीत रूढ झालेले नावही वेगळे आहे. त्यामुळे ‘रायपूर डिव्हिजनने निर्णय घेतला’ एवढ्या वाक्यावरून निर्णय जमिनीसंबंधी आहे, रेल्वेगाडीसंबंधी आहे की जंगलासंबंधी, हे कळत नाही.

रोजच्या व्यवहारातील मोजक्या इंग्रजी शब्दांनी इतक्या क्षेत्रांत मुक्काम केला असेल. प्रशासन, न्यायालय, संसद, सैन्य, शाळा, परीक्षा, गणित, जीवशास्त्र आणि खेळ या सर्व क्षेत्रांत ‘डिव्हिजन’ आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याला मराठीत निराळा प्रतिशब्द आहे. सर्वत्र ‘विभाग’ असे लिहिल्यास वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध राहते, माहिती मात्र चुकते. अशा चुकीमुळे एखाद्याचा अर्ज भलत्याच कार्यालयात जातो, प्रवासी दुसऱ्याच मार्गावरील गाडी रद्द झाल्याचे समजतो आणि पक्षकाराला आपले अपील दुसऱ्या शहरात चालणार असे वाटू लागते. या शब्दाचा अर्थ ओळखण्याचा एक सोपा आणि भरवशाचा मार्ग आहे. शब्दापाशी न थांबता त्याच्या शेजारी कोणत्या अधिकाऱ्याचा किंवा कोणत्या कामाचा उल्लेख आहे ते पाहावे.

शब्दाचे मूळ

‘डिव्हिजन’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘वाटणे, वेगळे करणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मराठीत याच कल्पनेचे शब्द संस्कृतमधील ‘भज्’ या धातूपासून तयार झाले आहेत. भाग, विभाग, विभाजन, विभागणी, भागाकार आणि भागीदार ही सर्व एकाच कुळातील मंडळी. ‘भाग्य’ या शब्दाचे मूळही हेच आहे. वाट्याला आलेले ते भाग्य.

इंग्रजीत वाटण्याची क्रिया आणि वाटणीतून तयार झालेला तुकडा या दोहोंना ‘डिव्हिजन’ म्हणतात. मराठीत क्रियेसाठी ‘विभाजन’ आणि तुकड्यासाठी ‘विभाग’ असे दोन शब्द उपलब्ध आहेत. ‘रायपूर डिव्हिजनचे डिव्हिजन’ हे इंग्रजीच्या वळणाचे वाक्य मराठीत ‘रायपूर विभागाचे विभाजन’ असे सहज स्पष्ट होते. अडचण सुरू होते ती यापुढे, कारण एकट्या ‘विभाग’ या शब्दावर मराठीने फार मोठा भार टाकला आहे.

महसूल प्रशासन : विभाग आणि संभाग

प्रशासनात ‘डिव्हिजन’ म्हणजे अनेक जिल्हे मिळून झालेला भूभाग. त्याच्या प्रमुखपदी आयुक्त असतात. महाराष्ट्रात कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर असे सहा महसुली विभाग आहेत आणि त्यांचे प्रमुख ‘विभागीय आयुक्त’ म्हणून ओळखले जातात.

छत्तीसगडमध्ये याच रचनेला हिंदीत ‘संभाग’ म्हणतात. रायपूर, दुर्ग, बिलासपूर, बस्तर आणि सरगुजा असे पाच संभाग असून राज्यातील ३३ जिल्हे त्यांत विभागलेले आहेत. रायपूर संभागात रायपूर, बलौदाबाजार-भाटापारा, गरियाबंद, महासमुंद आणि धमतरी या पाच जिल्ह्यांचा समावेश होतो. मराठी वाचकाला ‘संभाग’ हा शब्द अपरिचित आहे. तेथे ‘रायपूर महसूल विभाग’ असे लिहिणे योग्य ठरते.

हिंदीतही एकवाक्यता नाही. मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि राजस्थानात ‘संभाग’, उत्तर प्रदेशात ‘मंडल’, तर बिहार आणि झारखंडमध्ये ‘प्रमंडल’ हा शब्द वापरला जातो. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात मात्र ‘मंडल’ म्हणजे तालुक्यासारखे जिल्ह्यातील लहान एकक. एकाच शब्दाने लखनऊकडे अनेक जिल्ह्यांचा प्रदेश सूचित होतो आणि हैदराबादकडे काही गावांचा समूह.

रायपूरच्या बाबतीत या शब्दाला इतिहासही आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालील छत्तीसगड, १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारल्यानंतर, नागपूरच्या राज्याबरोबर ब्रिटिशांकडे गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १८६२ मध्ये ‘छत्तीसगड डिव्हिजन’ अस्तित्वात आले. रायपूर हे त्याचे मुख्यालय होते. म्हणजेच आज राज्य असलेला छत्तीसगड हा प्रदेश त्या काळच्या कागदपत्रांत एक ‘डिव्हिजन’ म्हणून येतो. जुन्या जमीन अभिलेखातील किंवा गॅझेटियरमधील ‘डिव्हिजन’ आजच्या पाच जिल्ह्यांच्या संभागाशी जुळवून पाहिल्यास गल्लत होणे अटळ आहे.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. १९५० च्या कायद्याने तेथे हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा मिळाला. भाषावार पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिले. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि मराठी पदनामे व परिभाषा निश्चित करण्याचे काम तेथे सुरू झाले. एका राजधानीतून कारभार चालणाऱ्या दोन प्रदेशांत पुढे एकाच इंग्रजी हुद्द्याला दोन भिन्न नावे रूढ झाली.

जिल्ह्याच्या वर आणि जिल्ह्याच्या खाली

‘सब-डिव्हिजन’ हा शब्द वाचताना तो ‘डिव्हिजन’चा थेट उपभाग असावा असे वाटते. प्रत्यक्षात महसूल प्रशासनात विभागाखाली जिल्हा आणि जिल्ह्याखाली उपविभाग असा क्रम आहे. विभाग जिल्ह्याहून मोठा, उपविभाग जिल्ह्याहून लहान.

महाराष्ट्रात या पातळीवरील अधिकाऱ्याला ‘उपविभागीय अधिकारी’ म्हणतात आणि ग्रामीण भागात त्याची ओळख ‘प्रांत’ किंवा ‘प्रांताधिकारी’ अशी आहे. छत्तीसगडमध्ये तोच हुद्दा ‘अनुविभागीय अधिकारी’ या नावाने ओळखला जातो, तर बिहारमध्ये या एककाला ‘अनुमंडल’ आणि राजस्थानात ‘उपखंड’ म्हणतात. जात प्रमाणपत्र, जमिनीच्या नोंदीवरील अपील किंवा भूसंपादनाचा मोबदला अशा कामांसाठी नागरिकांचा संबंध बहुधा या कार्यालयाशी येतो. बातमीत ‘उप’ गळून केवळ ‘विभागीय अधिकारी’ असे छापले गेल्यास अर्जदाराची पावले दोन पायऱ्या वरच्या कार्यालयाकडे वळतात.

रेल्वे : एका शहरात दोन डिव्हिजन

भारतीय रेल्वेची रचना क्षेत्र आणि त्याखाली डिव्हिजन अशी आहे. डिव्हिजनच्या प्रमुखाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डीआरएम’ म्हटले जाते. हिंदीत ‘मंडल रेल प्रबंधक’ आणि मराठीत ‘विभागीय रेल्वे व्यवस्थापक’ ही नावे रूढ आहेत.

बिलासपूर येथे मुख्यालय असलेली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे २००३ मध्ये सुरू झाली. तिच्यात बिलासपूर, नागपूर आणि रायपूर अशी तीन डिव्हिजन आहेत. त्यांपैकी रायपूर हे त्या वेळी नव्याने निर्माण करण्यात आले. दुसरीकडे, मुंबईत मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेचेही नागपूर डिव्हिजन आहे. परिणामी नागपूर शहरात एकाच नावाची दोन रेल्वे डिव्हिजन आणि दोन विभागीय व्यवस्थापक आहेत. नागपूरचे मुख्य स्थानक आणि वर्धा मध्य रेल्वेकडे, तर इतवारी आणि गोंदिया दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे. ‘नागपूर विभागात दुरुस्तीच्या कामामुळे गाड्या रद्द’ या मथळ्यात क्षेत्राचे नाव नसेल, तर वर्ध्याचा प्रवासी विनाकारण बेत बदलतो आणि गोंदियाचा प्रवासी स्थानकावर जाऊन परत येतो.

रेल्वेच्या सीमा महसुली सीमांना जुळतीलच असेही नाही. राजनांदगाव हे छत्तीसगडमधील जिल्ह्याचे ठिकाण आहे. महसूल प्रशासनात ते दुर्ग संभागात येते. राजनांदगाव आणि डोंगरगड ही स्थानके मात्र रेल्वेच्या नागपूर डिव्हिजनमध्ये आहेत, तर खुद्द दुर्ग स्थानक रायपूर डिव्हिजनमध्ये. म्हणजे राजनांदगावच्या रहिवाशाला जमिनीच्या कामासाठी दुर्गच्या आयुक्तांकडे दाद मागावी लागते आणि स्थानकावरील गैरसोयीची तक्रार नागपूरला पाठवावी लागते. दोन्ही कार्यालये इंग्रजीत ‘डिव्हिजन’च आहेत.

वने, बांधकाम आणि टपाल

वनखात्यात वनवृत्त, त्याखाली डिव्हिजन, नंतर परिक्षेत्र, परिमंडळ आणि शेवटी नियतक्षेत्र अशी उतरंड आहे. छत्तीसगडमध्ये डिव्हिजनला ‘वनमंडल’ आणि त्याच्या प्रमुखाला ‘वनमंडलाधिकारी’ म्हणतात. महाराष्ट्रात याच एककाला ‘वन विभाग’ म्हणतात आणि सर्वसाधारणपणे उपवनसंरक्षक त्याचे प्रमुख असतात. येथे मराठीची स्वतःची अडचण पुढे येते. मुंबईत मंत्रालयात ‘महसूल व वन विभाग’ आहे. तो इंग्रजीतील ‘डिपार्टमेंट’. नागपूर किंवा चंद्रपूर येथील ‘वन विभाग’ म्हणजे ‘डिव्हिजन’. एकाच नावाने संपूर्ण राज्याचे खातेही ओळखले जाते आणि त्या खात्याचे एक क्षेत्रीय कार्यालयही.

सार्वजनिक बांधकाम खात्यात हीच स्थिती आहे. मंत्रालयातील ‘सार्वजनिक बांधकाम विभाग’ हे खाते आणि कार्यकारी अभियंत्याच्या अखत्यारीतील जिल्हा पातळीवरील कार्यालयही ‘सार्वजनिक बांधकाम विभाग’. छत्तीसगडमध्ये खात्याला ‘लोक निर्माण विभाग’ आणि कार्यालयाला ‘संभाग’ असे म्हणत असल्याने हा घोटाळा तेथे होत नाही. तेथे कार्यकारी अभियंत्याला ‘कार्यपालन अभियंता’ म्हणतात. मराठीत अशा वेळी राज्य पातळीसाठी ‘खाते’ आणि क्षेत्रीय पातळीसाठी ‘विभागीय कार्यालय’ असे लिहिल्यास निविदा भरणाऱ्या कंत्राटदारालाही आणि रस्त्याची तक्रार करणाऱ्या ग्रामस्थालाही योग्य दार सापडते.

टपाल खात्यात परिमंडळ, क्षेत्र आणि डिव्हिजन असा क्रम आहे. आयुर्विमा महामंडळात क्षेत्रीय कार्यालय आणि शाखा यांच्या मधले कार्यालय म्हणजे डिव्हिजन; हिंदीत ते ‘मंडल कार्यालय’ आणि मराठीत ‘विभागीय कार्यालय’.

ओळखीच्या शब्दांचा चकवा

हिंदीतून मराठीत बातमी आणताना सर्वाधिक फसवतात ते दोन्ही भाषांना परिचित असलेले शब्द. ‘मंडल’ हा त्यांतील पहिला. मराठीत ‘मंडळ’ म्हणजे एकतर संस्था, जसे रायपूर येथे १९३५ पासून कार्यरत असलेले महाराष्ट्र मंडळ. किंवा शिक्षण मंडळासारखे अधिकृत प्राधिकरण. महाराष्ट्राच्या महसूल खात्यात ‘मंडळ’ हे काही गावांचे एकक आहे आणि ‘मंडळ अधिकारी’ हा इंग्रजीतील ‘सर्कल ऑफिसर’. बांधकाम खात्यातही अधीक्षक अभियंत्याचे ‘मंडळ’ म्हणजे सर्कल. हिंदीतील ‘रायपुर रेल मंडल’ मराठीत ‘रायपूर रेल्वे मंडळ’ असे जसेच्या तसे उतरवले, तर डिव्हिजनचे सर्कल होते किंवा रेल्वे बोर्डाचा भास निर्माण होतो.

दुसरा शब्द ‘प्रभाग’. केंद्र सरकारच्या मंत्रालयांतील ‘डिव्हिजन’ला हिंदीत बहुधा ‘प्रभाग’ म्हणतात. आकाशवाणीचा ‘समाचार सेवा प्रभाग’ हे त्याचे परिचित उदाहरण. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आलेल्या ‘फिल्म्स डिव्हिजन’चे हिंदी नाव ‘फिल्म प्रभाग’ होते. त्याच माहिती आणि प्रसारण मंत्रालयातील ‘पब्लिकेशन्स डिव्हिजन’चे हिंदी नाव मात्र ‘प्रकाशन विभाग’ असे आहे. मराठीत ‘प्रभाग’ म्हटले की महापालिकेचा वॉर्ड डोळ्यांसमोर येतो. ‘मंत्रालयाच्या जलविज्ञान प्रभागाने कळविले’ असे वाक्य मराठी वाचकाला नगरसेवकाची आठवण करून देते. येथे ‘शाखा’ किंवा ‘विभाग’ हे शब्द अधिक योग्य ठरतात.

न्यायालय : खंडपीठ म्हणजे जागा की संख्या?

उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्ती एकत्र बसून प्रकरण ऐकतात तेव्हा त्या पीठाला ‘डिव्हिजन बेंच’ म्हणतात. मराठीत त्याला ‘खंडपीठ’ म्हणण्याचा प्रघात आहे. एका न्यायमूर्तींचे ते ‘एकलपीठ’ आणि तीन किंवा अधिक न्यायमूर्तींचे ‘पूर्णपीठ’.

मराठीत ‘खंडपीठ’ हा शब्द आणखी एका अर्थाने रूढ आहे. मुंबई उच्च न्यायालयाची नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी येथील कायमस्वरूपी पीठेही ‘खंडपीठ’ म्हणून ओळखली जातात. कोल्हापूर येथे ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झाले आहे. अशा प्रकारे एक शब्द न्यायमूर्तींची संख्या सांगतो आणि तोच शब्द न्यायालयाचे ठिकाणही सांगतो.

छत्तीसगड उच्च न्यायालयाची स्थापना १ नोव्हेंबर २००० रोजी राज्याबरोबरच झाली. ते बिलासपूर येथे आहे आणि राजधानी रायपूरमध्ये त्याचे पीठ नाही. त्यामुळे ‘छत्तीसगड उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने’ असे वाचल्यावर दुसऱ्या शहराचा विचार करण्याचे कारण नाही. तेथे केवळ दोन न्यायमूर्ती अभिप्रेत असतात. एकलपीठाच्या काही निर्णयांविरुद्ध त्याच न्यायालयातील खंडपीठाकडे अपील करता येते आणि छत्तीसगडमध्ये यासाठी २००६ चा स्वतंत्र कायदा आहे. ‘दोन सदस्यीय खंडपीठ’ अशी शब्दयोजना केल्यास ही शंका मिटते.

कनिष्ठ न्यायालयांत ‘डिव्हिजन’चा अर्थ पुन्हा बदलतो. ‘सिव्हिल जज, सीनियर डिव्हिजन’ म्हणजे ‘दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर’ आणि ‘ज्युनियर डिव्हिजन’ म्हणजे ‘कनिष्ठ स्तर’. येथे ना भूभाग आहे, ना न्यायाधीशांची संख्या. हा न्यायिक अधिकाराचा दर्जा आहे.

सभागृह : मतविभाजन

संसदेत आणि विधानसभेत एखाद्या प्रस्तावावर प्रथम आवाजी मतदान घेतले जाते. पीठासीन अधिकाऱ्यांच्या निर्णयाला सदस्यांनी आव्हान दिले, तर ‘डिव्हिजन’ होते. मराठीत त्याला ‘मतविभाजन’ म्हणतात. पूर्वी बाजूचे आणि विरोधातील सदस्य प्रत्यक्षात वेगवेगळ्या दालनांत जात, त्यावरून हे नाव पडले. आता ही नोंद सामान्यतः विद्युत यंत्रणेद्वारे होते. त्याआधी सभागृहाबाहेरील सदस्यांना बोलावण्यासाठी घंटा वाजवली जाते.

मतविभाजनाचे महत्त्व असे की त्यात प्रत्येक सदस्याचे मत नोंदले जाते आणि एका मतानेही निकाल बदलू शकतो. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० मतांनी फेटाळला गेला. घटनादुरुस्ती विधेयकांना विशेष बहुमत लागत असल्याने त्यांवर मतविभाजन होते. २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेने महिला आरक्षण विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत केले, तेही चिठ्ठ्यांद्वारे झालेल्या मतविभाजनाने. ‘विरोधकांनी डिव्हिजनची मागणी केली’ या वाक्याचा अनुवाद ‘विभाजनाची मागणी’ असा झाल्यास विरोधक राज्याचे तुकडे मागत असल्याचा अर्थ निघू शकतो.

सैन्य आणि शाळा : तुकडी

सैन्यात बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन आणि कोअर असा चढता क्रम आहे. डिव्हिजनमध्ये अनेक ब्रिगेड असतात, सैनिकांची संख्या हजारोंमध्ये असते आणि नेतृत्व मेजर जनरल दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. दुसऱ्या महायुद्धात चौथी, आठवी आणि दहावी भारतीय डिव्हिजन इटलीत लढली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीच्याच रणभूमीवर.

मराठी बातम्यांत मात्र दहा जवानांच्या गटापासून संपूर्ण डिव्हिजनपर्यंत सर्वांनाच ‘तुकडी’ म्हटले जाते. ‘सीमेवर एक तुकडी रवाना’ असे वाचणाऱ्याला काही ट्रक भरून गेलेले जवान दिसतात. मूळ बातमीत डिव्हिजन असेल, तर ती एका मोठ्या लष्करी हालचालीची बातमी असते. येथे ‘डिव्हिजन’ हा शब्द तसाच ठेवणे उत्तम. राष्ट्रीय छात्र सेनेत मात्र ‘सीनियर डिव्हिजन’ आणि ‘ज्युनियर डिव्हिजन’ हे मुलांचे गट आहेत. मुलींच्या गटांना ‘विंग’ म्हणतात.

‘तुकडी’ हा शब्द महाराष्ट्रातील शाळांतही आहे. इयत्ता आठवी, तुकडी ‘अ’ हे प्रगतिपुस्तकावर इंग्रजीत ‘डिव्हिजन ए’ असे लिहिले जाते. रायपूरच्या शाळांत त्याला ‘सेक्शन’ म्हणतात. महाराष्ट्रातून रायपूरला किंवा रायपूरहून नागपूरला बदली झालेल्या कुटुंबातील मुलाच्या शाळेच्या अर्जावर ‘डिव्हिजन’ या रकान्यापुढे ‘अ’ लिहावे की ‘प्रथम’, असा प्रश्न उभा राहू शकतो, कारण हिंदीभाषक प्रदेशात या शब्दाचा शाळेशी जोडलेला अर्थ वेगळा आहे.

परीक्षा आणि नोकरी : श्रेणी

रायपूरमध्ये ‘फर्स्ट डिव्हिजन’ म्हणजे परीक्षेत साठ टक्के किंवा अधिक गुण मिळवून झालेले यश. मराठीत त्याला ‘प्रथम श्रेणी’ किंवा ‘पहिला वर्ग’ म्हणतात आणि महाराष्ट्रातील इंग्रजी प्रमाणपत्रांवर बहुधा ‘फर्स्ट क्लास’ असा उल्लेख असतो. भरतीच्या जाहिरातीत ‘किमान द्वितीय श्रेणी’ ही अट असेल, तर ‘सेकंड डिव्हिजन’ आणि ‘सेकंड क्लास’ यांचा आशय सारखाच असला, तरी टक्केवारीची मर्यादा संबंधित मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या नियमांनुसार पाहावी लागते.

कार्यालयांत ‘अपर डिव्हिजन क्लार्क’ आणि ‘लोअर डिव्हिजन क्लार्क’ ही पदे आहेत. येथे ‘डिव्हिजन’ हा पदाचा दर्जा आहे. मराठीत ‘उच्च श्रेणी लिपिक’ आणि ‘निम्न श्रेणी लिपिक’, तर महाराष्ट्र शासनात सामान्यतः ‘वरिष्ठ लिपिक’ आणि ‘कनिष्ठ लिपिक’. खेळांत हा शब्द कधी संघांच्या दर्जासाठी येतो, जसे फुटबॉलमधील दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा, तर कधी मुष्टियुद्ध किंवा कुस्तीतील ‘वजनी गटा’साठी.

गणित आणि विज्ञान

गणितात ‘डिव्हिजन’ म्हणजे भागाकार. भाज्य, भाजक, भागाकार आणि बाकी हे चार शब्द प्राथमिक शाळेपासून मराठी विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहेत. शून्याने भागण्याचा प्रश्न भारतीय गणितज्ञांनी फार पूर्वी विचारात घेतला होता. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यासंबंधी नियम मांडले आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असे नाव दिले. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

जीवशास्त्रात ‘सेल डिव्हिजन’ म्हणजे पेशीविभाजन. ही क्रिया असल्याने येथे ‘विभाग’ कधीही चालत नाही. कर्करोगात पेशीविभाजनावरील नियंत्रण सुटते. आरोग्यविषयक बातमीत ‘पेशी विभागाची वाढ’ असे लिहिले गेल्यास रुग्णालयात नवा विभाग उघडल्याचा समज होईल. वनस्पतींच्या वर्गीकरणात मात्र ‘डिव्हिजन’ हा एक स्तर आहे आणि त्याला पाठ्यपुस्तकांत ‘विभाग’च म्हणतात. प्राण्यांच्या वर्गीकरणात त्याच पातळीला ‘संघ’ म्हणतात. अर्थशास्त्रात ‘डिव्हिजन ऑफ लेबर’ म्हणजे श्रमविभागणी. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण देऊन ही कल्पना समजावली होती.

फाळणी, पुनर्रचना आणि वाटणी

प्रदेशाचे तुकडे होतात तेव्हा मराठी भाषा शब्द अधिक काळजीपूर्वक निवडते. १९०५ च्या बंगालसाठी आणि १९४७ च्या भारतासाठी मराठीत ‘फाळणी’ हा शब्द आहे. हिंदीत ‘विभाजन’ म्हटले जाते. छत्तीसगडच्या निर्मितीच्या कायद्याचे नाव ‘मध्य प्रदेश पुनर्रचना अधिनियम, २०००’ असे आहे. या पुनर्रचनेत लोकसभेच्या ४० जागांपैकी २९ मध्य प्रदेशकडे राहिल्या आणि ११ छत्तीसगडला मिळाल्या, तर विधानसभेच्या ३२० जागांचे २३० आणि ९० असे भाग झाले. मालमत्ता आणि देणी यांच्याबाबत ‘वाटणी’ किंवा ‘विभागणी’ हे शब्द येतात. घरातील भावांच्या जमिनीची होते तीही वाटणीच.

अर्थ कसा ओळखावा

बातमी, जाहिरात किंवा नोटीस वाचताना ‘डिव्हिजन’च्या शेजारचा शब्द पाहिल्यास बहुतेक प्रसंगी अर्थ निश्चित होतो.

आयुक्तांचा उल्लेख असल्यास : महसूल विभाग, हिंदीत संभाग.

डीआरएम किंवा रेल्वे क्षेत्राचा उल्लेख असल्यास : रेल्वे विभाग, सोबत क्षेत्राचे नाव आवश्यक.

वनाधिकाऱ्यांचा उल्लेख असल्यास : वन विभागीय कार्यालय, हिंदीत वनमंडल.

कार्यकारी अभियंत्यांचा उल्लेख असल्यास : बांधकाम, पाटबंधारे किंवा तत्सम खात्याचे विभागीय कार्यालय.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचा उल्लेख असल्यास : दोन सदस्यीय खंडपीठ.

सभागृहातील मतदानाचा उल्लेख असल्यास : मतविभाजन.

मेजर जनरल किंवा ब्रिगेडचा उल्लेख असल्यास : सैन्याची डिव्हिजन.

इयत्तेचा उल्लेख असल्यास तुकडी. गुणांचा उल्लेख असल्यास श्रेणी. संख्यांचा उल्लेख असल्यास भागाकार. पेशींचा उल्लेख असल्यास विभाजन.

शेजारी असा कोणताही शब्द नसेल, तर मूळ मजकूरच अपुरा आहे असे समजावे आणि खुलासा मिळेपर्यंत प्रतिशब्द ठरवू नये. राजनांदगावच्या रहिवाशाने लिहिलेला अर्ज दुर्गच्या आयुक्तांकडे जावा की नागपूरच्या रेल्वे व्यवस्थापकांकडे, हे त्या एका शब्दाच्या योग्य अनुवादावर अवलंबून असते.